हे नाव उपलब्ध नाही

“अगं, बारशाआधी बाळाचं नाव कुठं फोडू नकोस,” नणंदेने बजावलं होतं. “वन्सं, कुठल्या जमान्यात आहात?” म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं.

बाळ दुपारी जेमतेम अर्धा तास झोपायचं. आज त्यातली वीस मिनिटं ऑनलाइन खेळातल्या अवकाशयानाच्या कप्तान बाईला नाव शोधण्यातच गेली. तारका, उल्का, मंदाकिनी... दरवेळी तेच: ‘हे नाव उपलब्ध नाही.’ “तुमचं डोंबल!” वैतागून तिने लेकीसाठी जपलेलं नाव टाकलं, निहारा.

पहिल्याच लढाईत यान फुटलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘निहारा नष्ट. हे नाव आता उपलब्ध आहे.’

तास उलटून गेला होता. आतून हूं की चूं नाही. तिचे पायच उचलेनात. तुम्ही तरी जरा पाळण्यात डोकावून बघता का?