फुटक्या एक्झॉस्टचा संसार

नवराबायकोच्या प्रवासी बोटीचा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धुराचा पाइप, पाच वर्षं फुटका होता. त्या धडधडाटात समोर बसलेली बायको हातवारे करून सूचना द्यायची आणि सुकाणूवरचा नवरा तोंडातल्या तोंडात तिचा उद्धार करायचा. संसार सुखाचा चालला होता. पण धुराने प्रवासी खोकू लागले, तेव्हा तो नाइलाजाने इंजिनाच्या खड्ड्यात पालथा पडला. गंजलेल्या बोल्टांनी दोन दिवस छळलं. अखेर नवा पाइप बसला. पहिल्याच फेरीला इंजिन चक्क कुजबुजू लागलं. “अहो, खडक आहे, उजवीकडे घ्या!” बायको म्हणाली. “दिसतोय गं, कैदाशिणी,” तो सवयीने पुटपुटला. सगळ्या प्रवाशांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो घाईघाईने म्हणाला, “बोटीला म्हणालो मी.” “राहू द्या. पाच वर्षं तुमचे ओठ वाचतेय.” “मग कधी उलटून बोलली का नाहीस?” “रोज बोलत होते की! तुम्हाला ओठ कुठे वाचता येतात?”