नव्या दाढेची राखण

कडक भाकर चावता यावी म्हणून सत्यशीलाबाईंनी मानवतहून परभणीला खेटे घालून उजवीकडे स्क्रूची दाढ बसवून घेतली. हाडानं स्क्रू घट्ट धरेपर्यंत त्या बाजूनं चावू नका, असं डॉक्टरांनी आधी बजावलं होतं. पुढे "आता खुशाल खा" असंही सांगितलं, पण मुलगा नागसेन ताटावरचा पहारा सोडीना.

"माय, उजवीकडून नको. लय महागाची दाढ हाय."

"मग पेटीत ठेवायला बसवली का?" त्या चिडत, आणि डावीकडून चावत.

वर्षानं तपासताना डॉक्टर म्हणाले, "नवी दाढ पक्की आहे. डावी मात्र सगळा भार सोसून तडकलीय. काढावी लागेल."

 

"बघ माय," नागसेन समाधानानं म्हणाला, "नवीला जपलं ते बरं झालं का न्हाई?"