काकूंच्या डोक्यावरचं छत

हेमांगीला सांगलीतलं ते बैठं घर पाहताक्षणी आवडलं होतं. तरी इसार देण्याआधी तिने स्ट्रक्चरल इंजिनिअर नफीसा मुजावर यांना तपासणीला आणलं. घरमालक शिरगुप्पेकाकांना ते रुचलं नाही. "अहो, नुकताच रंग दिलाय घराला," ते पुटपुटले.

मागच्या खोलीत काकू अंथरुणाला खिळून होत्या. नफीसाताईंनी त्यांच्या पलंगाच्या बरोबर वरच्या स्लॅबला हातोडी हलकेच वाजवली. आवाज बद्द आला. कडेचं थोडं प्लास्टर काढलं, तर आतली सळई गंजून पापुद्रे सुटलेले.

आता या आपल्याला बाहेर नेऊन 'घेऊ नका' म्हणतील, असं हेमांगीला वाटलं. पण नफीसाताई काकांकडे वळल्या. "काका, विकायचं नंतर बघा. काकूंना आत्ताच्या आत्ता इथून हलवू या."

"भाव पाडायला आलात काय?" काका उखडले.

ताईंनी गंजका तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला. काकांचा चेहरा उतरला. ते पुढे काही बोलायच्या आत ताईंनी पलंगाची एक बाजू उचलायला घेतली होती. हेमांगीही धावली.

ते घर हेमांगीने घेतलं नाही. आठवडाभरात काकांचा फोन आला. मागच्या खोलीचा स्लॅब कोसळला होता. खोली रिकामी होती.

"पोरी, त्या ताईंचा नंबर दे," काका म्हणाले. "मी नाही नाही ते बोललो त्यांना. ही सारखी म्हणतेय, त्यांना जेवायला बोलवा."