गाळलेली हाक

आजोबांनी जाण्यापूर्वी पत्नीसाठी आपल्या आवाजात निरोप ठेवला होता. अंत्यविधीच्या कार्यालयात आवाज साफ करणाऱ्या यंत्राने तो घासूनपुसून ऐकवला, “प्रिये, जपून राहा.” “प्रिये म्हणे!” आजी कडाडल्या. “उभ्या जन्मात या माणसानं मला अशी हाक मारली नाही.” “मग बोलवायचे कसे गं?” नातीने हळूच विचारले. “खाकरायचे. ते खाकरले की मी पाण्याचा पेला घेऊन जायची. तेवढंच ऐकवा.” यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ ओशाळला. “आजी, यंत्राला ती खरखर वाटली. ती गाळून त्यानं त्या जागी ‘प्रिये’ घातलं.” “मग गाळलेलं द्या.” “ते उरत नाही. मूळ आवाज पुसला जातो.” आजी ताठ मानेने उठल्या. घरी येताच त्यांनी पेला काठोकाठ भरला, आजोबांच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ कान देऊन उभ्या राहिल्या, आणि कुणी पाहत नाही अशी खात्री झाल्यावर स्वतःच हलकेच खाकरल्या.