तोंडातलं नाणं

कुवेतच्या फैलका बेटावर पंच्याऐंशी साली उत्खनन चालू होतं. देवगडचा भिकाजी तिथे कंत्राटावर खोदकामाला होता. त्या दिवशी त्याच्याच खुरप्याखाली एक कवटी लागली, आणि तिच्या दातांआड कुठल्याशा ग्रीक बंदराचं, गलबताची छाप असलेलं सोन्याचं नाणं चकाकलं.

"दोन हजार वर्षांपूर्वीचा चोर!" सुपरवायझर प्रभाकर हसले. "पकडला जाईन म्हणून तोंडात लपवलं असणार."

भिकाजीने कवटीवरची वाळू हलक्या हाताने झटकली. "चोर नाय हो, सायबानू. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात सोन्याचो कण घालतत. ह्याच्या उशाक पोटचो झील बसलेलो असतलो. नशीबवान म्हातारो!"

बोलता बोलता त्याने शर्टाचा खिसा चाचपला. तीन महिन्यांपूर्वी रजेचा अर्ज दिला, त्याच दिवशी अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी फहाहीलच्या बाजारातून घेतलेला सोन्याचा मणी आत होता.

मण्याशेजारी सकाळीच आलेलं बहिणीचं पत्र होतं : 'आईचं तेरावं काल पार पडलं. आता रजेसाठी धडपडू नकोस.'