हात नका लावू

दसऱ्याला घेतलेला नवा कॉम्प्युटर आठ दिवसांतच चालता चालता बंद पडू लागला, तेव्हा रजतचा संशय पारशिवनीहून राहायला आलेल्या वडिलांवर गेला. कुठं बटण चालू दिसलं की बंद करायचं, ही त्यांची जुनी सवय. “बाबा, त्याले काहून हात लावता तुम्ही?” तो बायकोसमोर खेकसला. म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून गावी गेला. आज घरात रजत एकटाच होता, तरी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. मेकॅनिकनं कॅबिनेट उघडलं. पंख्यात अडकलेल्या झेंडूच्या सुक्या पाकळ्या निघाल्या. दसऱ्याच्या पूजेला कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर हार रजतनंच ठेवला होता. त्यानं गावी फोन लावला. तो काही बोलायच्या आत वडिलांनीच विचारलं, “आता नाही ना पडत बंद?” “नाही, बाबा.” “बरं झालं. मंग माहाच हात लागत असन गा.”