लाईट गेली काय?

दीपेशनं हात वर केला आणि पाचही मोटारसायकली दरीच्या बुडाशी थांबल्या. इंजिनं बंद झाली.

"लाईट गेली काय रं?" त्याचा काका केसरीनाथ दचकून म्हणाला.

दीपेशच्या बरोबरची पोरं हसून हसून लोळली. दोन हजार सहाच्या जूनमध्ये, लडाखच्या वाळवंटात, मैलोगणती झाडाचं पान नाही की विजेचा खांब नाही, आणि काकांची लाईट गेली! पण त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? भिवंडीत, टेमघरला, खाली पॉवरलूमचा कारखाना आणि वर घर. तिथं खडखडाट थांबला म्हणजे लाईटच गेलेली असते.

तुळजा, केसरीनाथची बायको, मात्र हसली नाही. त्याच्या बुलेटच्या मागच्या सीटवरून उतरून ती नवऱ्याकडं बघत राहिली. वर्षभर तिला एकच घोर लागला होता, ह्यांचे कान चालले. घरी काहीही सांगा, हा आपला "आँ?" सासरा असाच लूमपायी ठार बहिरा होऊन गेला. आता हाही गेला त्या वाटेनं, तर बोलायचं कुणाशी, भिंतीशी? लग्न झाल्यापासून दोघं ओरडूनच बोलत आलेली. शेजारणी म्हणायच्या, रोज भांडतात मेली. अगं, भांडायला फुरसत होती कुणाला!

दीपेशच्या गाडीचं पंक्चर काढायला पोरं बसली. केसरीनाथ लांब एका दगडावर टेकला. तुळजा शेजारी बसली आणि सवयीनं ओरडली, "अवो, कंबर दुखतेय का?"

"दुखतेय का?" समोरचा डोंगर म्हणाला. मग त्याच्या मागचाही म्हणाला. पोरं पुन्हा फिदीफिदी. तुळजानं लाजून तोंडाला पदर लावला.

"हळू बोल गं," केसरीनाथ म्हणाला. "आयकू येतंय."

हळू बोलायचं म्हणजे काय बोलायचं? आजवर ओरडून सांगण्यासारखंच तेवढं सांगितलं होतं. जेवण वाढलंय. सूत संपलं. पोराला ताप हाय. तिनं दरीतून वाहणाऱ्या नदीकडं बघितलं. मग निजलेल्या लेकराजवळ बोलावं तशी बोलली.

"तुमच्यासंगं इथवर आले. लय बरं वाटतंय मला."

केसरीनाथ समोरच्या डोंगराकडंच बघत राहिला. तुळजाला वाटलं, गेले कान, दुसरं काय!

तिकडं पंक्चर निघालं होतं. दीपेशनं किक मारायला पाय उचलला. केसरीनाथनं हात वर करून त्याला थांबवलं.

"परत बोल," तो तुळजाला म्हणाला.

"न्हाय ना आलं आयकू?" तिनं विचारलं.

"आलं," केसरीनाथ म्हणाला. "म्हनून तर."